लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल कशी निवडावी

नवा नेमबाज रायफल घ्यायचे ठरवतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा कोणत्या कंपनीची घ्यावी, हा असतो. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी किती अंतरावर नेम मारायचा हे ठरते, अंतरावरून काडतूस ठरते, काडतुसावरून नळी आणि यंत्रणा ठरते, आणि मग उरलेल्या दोन-चार रायफलींमधून एक उचलायची असते. हा क्रम उलटा झाला की हाती येणारी रायफल कितीही देखणी असली तरी ती भलत्याच कामासाठी बनलेली निघते. म्हणून या लेखात त्याच क्रमाने एकेक पायरी घेतली आहे. लेख केवळ परवानाधारक, प्रौढ आणि अधिकृत रेंजवर छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी : कायदा आणि रेंज

सेमी-ऑटोमॅटिक रायफल एका ट्रिगर-दाबाला एकच गोळी झाडते, पण झाडलेल्या गोळीच्याच शक्तीचा वापर करून रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसवते. या गुणामुळे अनेक देशांत तिच्यावर साध्या बोल्ट-ॲक्शन रायफलीपेक्षा (जिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दांडा, हाताने मागे-पुढे करावा लागतो) कडक निर्बंध आहेत. ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने मोठ्या काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली खासगी मालकीसाठी बंद केल्या, मात्र .२२ रिमफायर, म्हणजे लहान, कमी ताकदीच्या काडतुसांच्या प्रकारातल्या राहू दिल्या. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ मध्ये असेच कडक निर्बंध आणले. त्यामुळे आपण जिथे राहतो तिथे कोणता प्रकार, किती क्षमतेचे मॅगझिन, नळीची किती लांबी आणि कोणते जोडभाग चालतात, याची लेखी खातरजमा परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून करून घ्यावी. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कायद्याने मुभा नसेल तर बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यावी. लांब पल्ल्याच्या खेळात तिने काहीही कमी पडत नाही, आणि या लेखातला काडतूस, नळी व दुर्बिणीविषयीचा बराचसा भाग तिलाही लागू पडतो.

यानंतर रेंजची पाहणी करावी. ज्या रेंजवर आपण प्रत्यक्षात नियमित जाणार आहोत तिथे सर्वांत लांबचे लक्ष्य किती मीटरवर आहे, कोणत्या कॅलिबरला परवानगी आहे, मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावून धक्का कमी करणारा जोडभाग) चालतो का, पडलेल्या पुंगळ्या उचलू देतात का, हे विचारून घ्यावे. तीनशे मीटरांच्या रेंजवर जाणाऱ्याने हजार मीटरांची रायफल घेण्यात काही अर्थ नाही. शक्य असेल तर क्लबच्या सभासदांच्या रायफली त्यांच्या देखरेखीखाली झाडून पाहाव्यात. खरेदीपूर्वीचा याहून चांगला अभ्यास नाही.

सेमी-ऑटोमॅटिकच का, याचे उत्तरही इथेच स्वतःला द्यावे. दुसरी गोळी झाडण्यासाठी बोल्ट हलवावा लागत नाही, त्यामुळे गाल दस्त्यावरून उचलावा लागत नाही, डोळा दुर्बिणीतच राहतो आणि पहिली गोळी कुठे पडली हे पाहून लगेच दुरुस्ती करता येते. वेळेच्या बंधनातल्या स्पर्धांत आणि वारा क्षणोक्षणी बदलतो तेव्हा हा मोठाच फायदा आहे. याची किंमत म्हणजे अधिक हलते भाग, अधिक सफाई, दारूगोळ्याविषयी अधिक चोखंदळपणा आणि हाताळणीत अधिक शिस्त. केवळ एका लक्ष्यावर सावकाश, एकेक गोळी झाडून जास्तीत जास्त अचूकता गाठायची असेल, तर त्याच खर्चात बोल्ट-ॲक्शन रायफल सहसा अधिक अचूक मिळते.

सुरक्षेविषयी एक गोष्ट याच टप्प्यावर अंगवळणी पडली पाहिजे. बोल्ट-ॲक्शन रायफलीत गोळी झाडल्यावर चेंबरमध्ये रिकामी पुंगळी असते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये त्या क्षणी पुढचे जिवंत काडतूस चेंबरमध्ये बसलेले असते आणि हॅमर, म्हणजे गोळी सुटण्यासाठी ठोका देणारा भाग, ताणलेला असतो. म्हणून रिकामी करण्याचा क्रम कधीही बदलायचा नाही: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, सेफ्टी लावलेली, आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर, बोल्ट मागेच अडकवून ठेवायचा, चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे, त्यानंतर चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) लावायचा. मॅगझिन काढण्याआधी बोल्ट ओढला तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे आत जाते, आणि आपण मात्र रायफल रिकामी झाली असे समजून बसतो. हा क्रम पाठ होण्यापूर्वी एकट्याने रेंजवर जाऊ नये. कानात प्लग आणि वरून कान झाकणारे इअरमफ अशी दुहेरी सोय, तसेच डोळ्यांना संरक्षक चष्मा हे आवश्यकच आहेत. .३०८ सारख्या मोठ्या काडतुसाची गोळी मोकळ्या दिशेने सुटली तर ती काही किलोमीटर जाऊ शकते, त्यामुळे मागे भक्कम मातीचा बांध नसलेल्या जागी लक्ष्य मांडणे हा विचारच करू नये.

दुसरी पायरी : अंतरावरून काडतूस ठरवा

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत दोन गोष्टी गोळीला आपल्या हातून काढून घेतात: वारा, आणि आवाजाच्या वेगाखाली येण्याचा टप्पा. समुद्रसपाटीला साधारण १५ अंश सेल्सिअस तापमानात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. गोळी या वेगाच्या जवळ येऊ लागली की तिच्यावरील हवेचा दाब बदलतो, काही गोळ्या डगमगतात आणि ग्रूप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका, अचानक पसरतो. त्यामुळे काडतुसाचा उपयुक्त पल्ला मोजताना गोळी आवाजापेक्षा वेगवान कुठवर राहते, हे पाहावे.

.२२ लाँग रायफल हे इथल्या काडतुसांतले सर्वांत हलके आहे, आणि लांब पल्ल्याच्या लेखात त्याचे नाव पाहून नवख्याला आश्चर्य वाटेल. पण त्याच्या नेमबाजीच्या गोळ्या मुळातच आवाजापेक्षा कमी वेगाने निघतात, आणि ५० मीटरवर झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून घेतलेल्या, रायफलीची गोळी २०० मीटरवर दोन मीटरांहून अधिक खाली पडते. म्हणजेच दुर्बिणीचे टरेट (नेम सरकवणारी चकती) फिरवणे, वारा वाचणे, नोंदी ठेवणे हे सारे शिक्षण दोनशे मीटरांत मिळते. धक्का जवळजवळ नसतो आणि दारूगोळा स्वस्त असतो. १९६४ पासून बनत असलेली रुगर १०/२२ ही या प्रकारातली सर्वांत परिचित सेमी-ऑटोमॅटिक रायफल होय. ज्याने आजवर एकही गोळी झाडलेली नाही त्याने पहिले काही महिने अशाच रायफलीवर घालवावेत, असे माझे ठाम मत आहे.

.२२३ रेमिंग्टन हे ५०० ते ६०० मीटरांपर्यंतचे उत्तम काडतूस आहे. धक्का सौम्य, नळी दीर्घायुषी, आणि सुटे भाग सर्वत्र मिळतात. मात्र त्यासाठी ६९ ते ७७ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाच्या, नेमबाजीसाठी बनवलेल्या गोळ्या हव्यात. ५५ ग्रेनची सर्वसाधारण गोळी तीनशे मीटरांपुढे वाऱ्यात भरकटते. अमेरिकेतील कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत सर्व्हिस रायफल, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींच्या, प्रकारात शेवटचा टप्पा ६०० यार्डांचा असतो. १९९० च्या दशकापर्यंत तिथे ७.६२ मिलिमीटरच्या एम-१४ वर्गातील रायफलींचे राज्य होते, आणि जड गोळ्या व वेगवान पिळाच्या नळ्या आल्यावर ते .२२३ वर्गाने घेतले. तेव्हा हे काडतूस लांब पल्ल्याला दुबळे आहे, असा समज बाळगण्याचे कारण नाही.

.३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये बाजारात आले. १७५ ग्रेनची गोळी साधारण ९०० मीटरांच्या आसपास आवाजाच्या वेगाला टेकू लागते. दारूगोळ्याची विविधता मोठी आणि नळीचे आयुष्य भरपूर, पण धक्का .२२३ च्या कित्येक पट अधिक, आणि नवख्याचे डोळे मिटण्याची व ट्रिगर झटकण्याची सवय याच धक्क्यामुळे लागते. ६.५ क्रीडमूर हे त्याच आकाराच्या यंत्रणेत बसणारे पण सडपातळ, लांब गोळीचे काडतूस आहे. ते वाऱ्याला कमी बळी पडते आणि हजार मीटरांपलीकडेही आवाजापेक्षा वेगवान राहते, मात्र त्याची नळी .३०८ च्या मानाने लवकर झिजते.

फरक आकड्यांत पाहिला तर लक्षात राहतो. ६०० मीटरवर ३० सेंटिमीटर व्यासाची पोलादी थाळी आहे आणि ताशी १६ किलोमीटरचा वारा काटकोनात वाहतो आहे, असे समजू. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी साधारण ६० सेंटिमीटर, .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी ८० सेंटिमीटरांच्या थोडी वर, आणि .२२३ ची ७७ ग्रेनची गोळी सुमारे एक मीटर वाहून जाते. आता वाऱ्याचा अंदाज ताशी केवळ ३ किलोमीटरने चुकला तर ६.५ ची गोळी मध्यापासून ११ सेंटिमीटर सरकते आणि थाळीवरच लागते, .३०८ ची १५ सेंटिमीटर सरकून काठावर येते, आणि .२२३ ची थाळी चुकवते. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ताशी ३ किलोमीटरची चूक ओळखायला जो शिकतो, तो त्या .२२३ मुळेच लवकर शिकतो, कारण ती त्याची चूक झाकत नाही.

माझी शिफारस अशी की ६०० मीटरांपर्यंत रेंज असलेल्या नवख्याने .२२३ घ्यावे. आठशे मीटर आणि पुढे नियमित जाण्याची सोय असेल, आणि दारूगोळ्याचा खर्च पेलवत असेल, तरच ६.५ क्रीडमूरकडे वळावे. .३०८ तेव्हा घ्यावे, जेव्हा स्थानिक कायदा, स्पर्धेचा नियम किंवा दारूगोळ्याची उपलब्धता तिकडे नेत असेल. एखाद्या नव्या, आकर्षक काडतुसाचा मोह होत असेल तर आधी आपल्या भागात त्याच्या नेमबाजीच्या गोळ्या वर्षभर मिळतात का, एवढे तपासावे.

तिसरी पायरी : नळी

अचूकतेचा सर्वांत मोठा वाटा नळीचा असतो, आणि नळीत सर्वांत आधी पाहावा तो पीळ. नळीच्या आतील आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, त्यावर कोणती गोळी स्थिर राहील हे ठरते. गोळी जितकी लांब, तितका वेगवान पीळ लागतो. .२२३ मध्ये १२ इंचांत एक फेरा हा पीळ ५५ ग्रेनसाठी ठीक आहे, ९ इंचांचा साधारण ६९ ग्रेनपर्यंत चालतो, आणि ७७ ग्रेनसाठी ८ किंवा ७ इंचांचाच हवा. .३०८ मध्ये १० ते ११.२५ इंच, तर ६.५ क्रीडमूरमध्ये ८ इंच हे प्रमाण रूढ आहे. हा आकडा बहुधा नळीवरच कोरलेला असतो. तो न वाचता रायफल घेऊ नये.

लांबीच्या बाबतीत .२२३ आणि .३०८ साठी १८ ते २० इंच, ६.५ क्रीडमूरसाठी २२ इंच ही समतोल निवड ठरते. लांब नळीने वेग थोडा वाढतो, मात्र अचूकता आपोआप वाढत नाही. जाडी महत्त्वाची आहे, कारण सेमी-ऑटोमॅटिक भरभर झाडली जाते आणि पातळ नळी तापली की गोळ्यांची जागा सरकू लागते. पण खांद्यावर घेऊन फिरायचे असेल तर अतिजड नळीही नको. मोठ्या वर्गातली रायफल दुर्बीण, बाइपॉड (दोन पायांचा आधार) आणि भरलेल्या मॅगझिनसह सहज सहा-सात किलोंवर जाते. नळीभोवतीचा हँडगार्ड नळीला कुठेही न टेकणारा, म्हणजे फ्री-फ्लोट, असलाच पाहिजे. तो टेकत असेल तर बाइपॉडवर जोर दिला की नळी वाकते आणि गोळी दुसरीकडे जाते. आतून क्रोमचा थर दिलेली नळी अधिक टिकते, तर नेमबाजीसाठी बनवलेली स्टेनलेस पोलादाची नळी सामान्यतः अधिक अचूक असते. छंदासाठी मी दुसरी निवडेन.

.२२३ च्या रायफलीवर ५.५६ नाटो, .२२३ रेमिंग्टन की .२२३ वाइल्ड असे कोणते चेंबर लिहिले आहे, तेही पाहावे. ५.५६ चा दारूगोळा निव्वळ .२२३ चेंबरमध्ये झाडणे टाळावे, कारण दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. वाइल्ड चेंबर दोन्ही सुरक्षितपणे घेते आणि नेमबाजीच्या गोळ्यांनाही मानवते, म्हणून माझा कल तिकडे आहे.

चौथी पायरी : यंत्रणा

यंत्रणेचे तपशील सांगणारे लिखाण भरपूर असते, पण नवख्याने त्यातल्या तीनच गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली, वायू कुठे जातो. युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइटमध्ये आखलेल्या एआर-१० आणि त्यावरून आलेल्या एआर-१५ रचनेत नळीतला वायू एका बारीक नळकांडीतून थेट बोल्ट कॅरिअरपर्यंत, म्हणजे बोल्ट धरून मागे-पुढे धावणाऱ्या भागापर्यंत, जातो. हलते भाग नळीच्या रेषेत आणि वजनाने कमी असल्याने ही रचना अचूकतेला पोषक ठरते, पण काजळी आत साचते. पिस्टनच्या रचनेत वायू पुढेच एका दांड्याला ढकलतो, आतला भाग स्वच्छ राहतो, मात्र पुढच्या बाजूला हलते वजन वाढते. रेंजवरच्या छंदासाठी मी पहिल्या रचनेला पसंती देतो, कारण इथे सफाईला वेळ मिळतो आणि सुटे भाग सुलभ असतात. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. .२२३ वर्गातल्या एआर-१५ चे भाग वेगवेगळ्या उत्पादकांमध्ये बहुतांशी अदलाबदल करता येतात. .३०८ आणि ६.५ च्या मोठ्या वर्गात असा एकच मापदंड नाही, मुख्यतः दोन वेगळे साचे प्रचलित आहेत, आणि एकाचे मॅगझिन किंवा नळी दुसऱ्यात बसेलच असे नाही. मोठी रायफल घेताना ती कोणत्या साच्याची आहे, हे लिहून ठेवावे.

दुसरी, वायूचे प्रमाण. अनेक रायफलींत तो गरजेपेक्षा जास्त सोडलेला असतो, म्हणजे ती कोणत्याही दारूगोळ्यावर हटकून चालेल. त्यामुळे बोल्ट जोराने मागे आदळतो, धक्का वाढतो आणि दुर्बिणीतले चित्र उडते. हे ओळखण्यासाठी पुंगळ्या पाहाव्यात. त्या उजवीकडे, किंचित मागे, एकाच ढिगात पडत असतील तर सर्व ठीक आहे. त्या पुढच्या बाजूला भिरकावल्या जात असतील आणि त्यांच्या कडेला ओरखडे किंवा चिरलेला काठ दिसत असेल, तर वायू जास्त आहे. उलट मॅगझिनमधली शेवटची गोळी झाडल्यावर बोल्ट मागे अडकत नसेल तर तो कमी पडतो आहे. फिरवून कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक (नळीतून वायू घेणारा भाग) असेल तर ही अडचण दोन मिनिटांत सुटते. लांब पल्ल्यासाठीच्या रायफलीत तो असावा, असे मी सुचवेन.

तिसरी, मॅगझिनची लांबी. एआर-१५ च्या मॅगझिनमध्ये साधारण ५७ मिलिमीटर लांबीचेच काडतूस मावते. म्हणून ७७ ग्रेनची गोळी मॅगझिनमधून चालते, पण ८० ग्रेनची लांब बसवलेली काडतुसे स्पर्धक ६०० यार्डांच्या टप्प्यावर एकेक करून हाताने चेंबरमध्ये घालतात. विकत घेतलेला दारूगोळा वापरणाऱ्याला ही अडचण येत नाही. स्वतः पुंगळी, दारू आणि गोळी जोडून काडतुसे भरू पाहणाऱ्याने मात्र ती आधी समजून घ्यावी.

काडतुसे भरण्याविषयी एवढेच सांगतो की पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. या रचनेत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडाला ठोकणारी सुई, मोकळी असते. बोल्ट पुढे येऊन बसला की ती प्रायमरला (काडतुसाच्या बुडातील, ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीला) हलकेच टेकते. चेंबरमध्ये गेलेले, पण न झाडता बाहेर काढलेले काडतूस हातात घेतले तर प्रायमरच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसतो. तो नेहमीचा आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण प्रायमर मऊ असेल किंवा पूर्ण आत न बसता किंचित वर राहिला असेल, तर ट्रिगर न दाबताच गोळी सुटण्याचा धोका संभवतो. म्हणून सेमी-ऑटोमॅटिकसाठीची काडतुसे अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकूनच भरावीत.

पाचवी पायरी : ट्रिगर आणि दस्ता

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा. पहिल्या टप्प्यात बोट हलका दाब घेत एका स्पष्ट अडथळ्यापाशी येते, तिथे नेम पक्का होतो, आणि दुसऱ्या टप्प्यात थोड्या अधिक दाबाने गोळी सुटते. एकूण दाब दीड ते दोन किलोंच्या आसपास पुरेसा आहे. कॅम्प पेरीच्या सर्व्हिस रायफल प्रकारात साडेचार पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे दोन किलोंपेक्षा, हलका ट्रिगर चालत नाही, आणि तरीही तिथले नेमबाज ६०० यार्डांवर थक्क करणारे गुण मिळवतात. बोल्ट-ॲक्शनच्या धर्तीवर अतिहलका ट्रिगर सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बसवू नये. बोल्ट पुढे आदळण्याच्या हादऱ्याने किंवा बोटाच्या नकळत झालेल्या दुसऱ्या दाबाने नको असताना गोळी सुटू शकते.

दस्ता आपल्या मापाला जुळवता आला पाहिजे: खांद्यापासूनची लांबी आणि गालाखालच्या आधाराची उंची, या दोन्ही. पोटावर झोपून, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीत पूर्ण, काळ्या सावलीविना वर्तुळ दिसले तर माप बरोबर आहे. मान ताणावी लागत असेल तर कितीही महाग रायफल असली तरी ग्रूप जमणार नाही. डावखुऱ्यांनी पुंगळी चेहऱ्यावरून उडते का, हे आधी झाडून पाहावे.

सहावी पायरी : दुर्बीण

दुर्बिणीसाठी रायफलीच्या किमतीइतकीच रक्कम बाजूला ठेवावी, आणि ती जमत नसेल तर रायफल एक पायरी खालची घ्यावी. ६०० मीटरांसाठी ३ ते १८ किंवा ४ ते १६ पट वर्धन पुरते. त्याहून जास्त वर्धनाने तापलेल्या जमिनीवरची हवाच अधिक थरथरताना दिसते. टरेट आणि रिटिकल (दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या खुणा) एकाच एककात असावेत. मी मिलिरेडियन (थोडक्यात मिल) हे कोनाचे एकक सुचवतो, कारण मीटरमध्ये विचार करणाऱ्याला ते सोपे पडते: १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर, आणि टरेटची एक खटक म्हणजे १ सेंटिमीटर. मिनिट ऑफ अँगलमध्ये (अंशाचा साठावा भाग, पुढे नुसते मिनिट) तेच १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर असे विषम पडते. रिटिकल पहिल्या फोकल प्रतलातले, म्हणजे वर्धनाबरोबर लहान-मोठे होणारे, असेल तर कोणत्याही वर्धनावर खुणांचे माप तेच राहते. बाजूला पॅरालॅक्स (डोळा हलला की लक्ष्यावरची खूण सरकल्यासारखी दिसणे) जुळवण्याचे बटण हवेच.

टरेटमध्ये चढण, म्हणजे नेम वर नेण्याची सोय, किती आहे, तेही तपासावे. १०० मीटरवर झिरो केलेल्या .३०८ ला ६०० मीटरवर सुमारे ३ मीटरांची घसरण, म्हणजे पाच मिलपेक्षा थोडी अधिक, भरून काढावी लागते. हजार यार्डांवर ती ११ मिलच्या आसपास जाते. पुढे झुकलेला, २० मिनिटांचा उतार असलेला एकसंध माउंट घेतला तर चढण उरते. एआर वर्गात हा माउंट पूर्णपणे रिसीव्हरवरच (बोल्ट सामावणाऱ्या मधल्या भागावरच) बसवावा. त्याचा पुढचा पाय हँडगार्डवर टेकवू नये, कारण हे दोन भाग स्वतंत्रपणे हलतात. स्क्रू टॉर्क रेंचने, उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळावेत.

सातवी पायरी : चाचणी आणि निर्णय

जाहिरातीत रायफल "एक मिनिटाच्या आत" असल्याचे लिहिलेले असते, आणि सोबतच्या कागदावर तीन गोळ्यांची जवळजवळची तीन भोके असतात. तीन गोळ्यांवर विश्वास ठेवू नये. गोळ्यांचा विखुरलेपणा तोच असला तरी दहा गोळ्यांचा ग्रूप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रूपपेक्षा दीडपटीहून थोडा अधिक मोठा येतो. ही रायफलीतली खोट नव्हे, गणितच तसे आहे. म्हणून रायफल निवडताना किंवा नवी रायफल पारखताना दहा गोळ्यांचेच ग्रूप काढावेत, आणि त्यातली "चुकून गेलेली" गोळी वगळू नये. विकत मिळणाऱ्या दारूगोळ्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल १०० मीटरवर दहा गोळ्या साधारण ४.५ सेंटिमीटरांत, म्हणजे दीड मिनिटांत, ठेवत असेल तर ती नवख्यासाठी उत्तम रायफल आहे. ६०० मीटरवर त्याचा अर्थ सुमारे २६ सेंटिमीटर होतो, म्हणजे आधी उल्लेखलेली थाळी आवाक्यात आहे.

चाचणीचा क्रम असा ठेवावा. तीन किंवा चार वेगवेगळ्या उत्पादकांचा, योग्य वजनाच्या गोळ्यांचा नेमबाजीचा दारूगोळा थोडाथोडा घ्यावा. नळी स्वच्छ करून पाच-सहा गोळ्या झाडून टाकाव्यात. मग प्रत्येक प्रकाराच्या दहा-दहा गोळ्या बाइपॉड आणि मागच्या वाळूच्या पिशवीवरून, प्रत्येक गोळीमध्ये सारखेच अंतर राखून झाडाव्यात, आणि दोन प्रकारांच्या मध्ये नळी थंड होऊ द्यावी. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) मिळाला तर वेगही नोंदवावा. १०० मीटरवर वेगातला फरक दिसत नाही, पण ६०० मीटरवर .३०८ च्या दोन गोळ्यांत सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर उंचीत १० सेंटिमीटरांच्या आसपास तफावत पडते. ग्रूप थोडा मोठा पण वेग एकसारखा असलेला दारूगोळा मी लांब पल्ल्यासाठी निवडेन.

सेमी-ऑटोमॅटिकच्या बाबतीत ही चाचणी नेमबाजाचीही असते. गोळी नळीत असतानाच आतले भाग हलण्याच्या तयारीत असतात आणि ती सुटताच बोल्ट कॅरिअर मागे-पुढे धावतो, त्यामुळे खांद्याचा दाब प्रत्येक वेळी सारखा नसेल तर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. बाइपॉडला पुढे हलकासा रेटा द्यावा, दस्ता खांद्यात एकाच जागी बसवावा, आणि गोळी सुटल्यावरही ट्रिगर क्षणभर मागेच धरून ठेवावा. उभा पसरलेला ग्रूप दिसला की रायफलीला दोष देण्याआधी तीच रायफल एखाद्या जाणत्या नेमबाजाला झाडायला द्यावी. त्याचा ग्रूप गोल आला तर नवी नळी किंवा नवा ट्रिगर घेण्याऐवजी तो खर्च दारूगोळा आणि प्रशिक्षणावर करावा.

वापरलेली रायफल घेत असाल तर परवानाधारक बंदूक कारागिराकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यामधील काडतुसासाठीची जागा) गेजने तपासून घ्यावी आणि नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का, हे भिंगातून पाहावे. तिथला छोटासा टवकाही गोळीला बाजूला ढकलतो. आधीच्या मालकाने किती गोळ्या झाडल्या आहेत हे विचारावे, आणि त्याने नोंदवही दाखवली तर ती रायफल बहुधा घेण्याजोगी असते.

रायफल घरी आली की तिच्यासाठी कुलूपबंद, भिंतीला किंवा जमिनीला पक्के केलेले कपाट आणि दारूगोळ्यासाठी वेगळी कुलूपबंद पेटी ही व्यवस्था आधीच तयार असावी. पहिल्याच दिवसापासून नोंदवही सुरू करावी: तारीख, दारूगोळ्याचा प्रकार व लॉट (एकाच वेळी बनवलेला माल) क्रमांक, तापमान, वाऱ्याचा अंदाज, टरेटवरचा आकडा, गोळी प्रत्यक्षात कुठे लागली आणि नळीतून आजवर एकूण किती गोळ्या गेल्या. एकदा एक दारूगोळा ठरला की त्याच लॉटचा पुढच्या हंगामापुरता साठा करावा, १०० मीटरवरचा झिरो त्याच्यावर पक्का करावा, आणि मग २००, ३००, ४०० असे शंभर-शंभर मीटरांनी पुढे सरकत प्रत्येक अंतराचा टरेटवरचा आकडा स्वतः झाडून, तपासून नोंदवहीत उतरवावा.